पांढुर्ण्याकडे धूर कसा आहे?

मला दमा आहे. बरी झाले असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण दमा बरा होत नाही, थांबतो. सध्या थांबला आहे. तेवढ्यात हे लिहून काढते, कारण तो सुरू असला की माणसाला पुढच्या श्वासापलीकडचं काही सुचत नाही. आमच्या भागात होळीपासून पाऊस येईपर्यंत कुठला ना कुठला डोंगर जळत असतो. तिथे माझ्यासारखी आणखी माणसं असणारच. त्यांच्या उपयोगी पडलं तर पडलं.

मी सौंसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे. माहेर पांढुर्ण्याचं. बाबा तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, माय शेतात मजुरीला जायची. आम्ही दोघंच भावंडं, मी मोठी आणि देवानंद धाकटा. माझे मिस्टर सौंसरला तहसील कचेरीत बाबू. हे सगळं ऐंशी सालानंतरच्या काही वर्षांतलं आहे. नोकरी पक्की झाली होती, मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि आता जरा निवांत जगू असं आम्ही दोघं बोलत होतो.

घाटात

खात्याच्या कामासाठी मी छिंदवाड्याला निघाले होते. सौंसरहून जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. होळी होऊन गेली होती. घाटाच्या दोन्ही बाजूंना आग लागलेली. वणवा म्हटलं की लोकांना उंच ज्वाळा आठवतात. ही आग तशी नव्हती. वाळलेल्या पानांतून गुडघ्याइतक्या उंचीची एक लाल रेघ सरकत होती, आणि तिच्यामागे सगळं काळं. असली आग मी लहानपणापासून बघत आले होते. कुणी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघायचंही नाही.

वळणावर एक ट्रक बंद पडला होता, म्हणून आमची बस थांबली. धूर उतारावरून खाली येत होता. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, पण खिडक्यांना काचा होत्याच कुठे सगळ्या. कुणीतरी बिडी पेटवली.

आधी खोकला आला. तो दोन हिवाळ्यांपासून होताच, त्याचं मला काही वाटलं नाही. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. श्वास आत जात होता, बाहेर निघत नव्हता. आत इतका साठला की नवा घ्यायला जागाच उरली नाही. ज्याला हे झालेलं नाही त्याला वाटतं, दम लागणं म्हणजे हवा कमी पडणं. मला तर हवेनंच कोंडून टाकलं होतं.

शेजारच्या बाईला वाटलं मी रडते आहे. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. कंडक्टर आला.

"काय झालं, बाई? उलटी होऊन राहिली का?"

मला नाही म्हणता येईना. मान हलवायलाही श्वास लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून मी वाकून बसले आणि मनात एकच आलं, मी आता इथे, या अनोळखी माणसांत मरणार.

ट्रक बाजूला झाला. गाडी घाट चढून गेल्यावर उमरानाल्याला कंडक्टरनं मला उतरवलं आणि एका दवाखान्यात नेऊन बसवलं. तिथल्या कंपाउंडरनं सुई दिली. हळूहळू श्वास सुटला. कंडक्टर तोवर गाडी थांबवून दारात उभा होता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

टीबी नाही

घरी सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता. तो कुणी उच्चारत नव्हतं. सासूबाईंनी माझा पेला आणि ताटली वेगळी मांडायला सुरुवात केली होती. मुलीला त्या स्वतःजवळ झोपवायच्या. मला राग येत नव्हता. मलाही तेच वाटत होतं, आणि मुलीनं गळ्यात हात टाकले की मी तोंड फिरवायची.

मिस्टर मला नागपूरला घेऊन गेले. मोठा सरकारी दवाखाना. एक्स-रे काढला, थुंकी तपासायला दिली, आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. त्या दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी फक्त जेवलीस का, झोपलीस का, एवढंच बोललो.

डॉक्टर बाई होत्या, उतरत्या वयाच्या. एक्स-रे उजेडाकडे धरून त्या म्हणाल्या, "टीबी नाही."

मिस्टर खुर्चीत बसूनच रडले. त्यांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या, "दमा आहे. आयुष्यभर सांभाळावा लागेल." हे वाक्य मिस्टरांच्या कानात शिरलंच नाही. बाहेर आल्यावर त्यांनी स्टँडवर संत्री घेतली, पिशवीभर. आमच्याकडे संत्र्यांच्या बागाच बागा असताना नागपुरातून संत्री घेऊन जाणारा माणूस मी हा एकच पाहिला.

माझ्या मनात मात्र डॉक्टरबाईंशी शेवटी झालेलं बोलणं घोळत होतं. त्या म्हणाल्या होत्या, धुरापासून, धुळीपासून लांब राहा. मी विचारलं, "आमच्याकडे चैत्र-वैशाखात डोंगरच जळतात. तेव्हा काय करायचं?"

"त्या दिवशी प्रवास करू नका."

"पण कोणत्या दिवशी, कुठे धूर असेल, हे आधी कसं कळणार?"

त्यांनी चिठ्ठीवरून मान वर केली. "ते तुम्हालाच शोधावं लागेल," त्या म्हणाल्या.

वॉर्ड

पुढच्या वर्षी महुआच्या, म्हणजे मोहफुलांच्या दिवसांत मला दवाखान्यात ठेवावं लागलं. वॉर्डातला दिवस सुईवर सुरू व्हायचा. नसेतून औषध द्यायचे, अगदी सावकाश, कारण घाई केली तर छाती धडधडायची आणि हात कापायचे. मग चहा. मग कुणी ना कुणी नातेवाईक यायचं आणि मध, अडुळसा, कुठल्याशा बाबाचं औषध यांतलं काहीतरी सुचवून जायचं. आडवं पडता येत नसे. नर्सबाईंनी माझ्यापुढे एक टेबल ठेवलं होतं, त्यावर उशी. त्या उशीवर डोकं टेकून मी बसल्या बसल्या झोपायला शिकले.

शेजारच्या खाटेवर फुलवंताबाई आली. टेकडीखालच्या एका खेड्यातली, पन्नाशीची, हाडं मोजून घ्यावीत अशी. तिला बैलगाडीतून आणलं होतं, जळत्या रानातून. तिच्या लुगड्याला धुराचा इतका वास होता की नर्सबाईंनी आधी ते बदलायला लावलं. तिची सून खाटेच्या पायाशी बसून असायची.

सुई लागली की फुलवंताबाई थोडी बोलायची. मी तिला एकदा विचारलं, "ह्या आगी लावतं तरी कोण?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भात कोण शिजवतं असं विचारलं. "आम्हीच लावतो नं, बाई. महुआखालचा पाला नाही जाळला तं फूल दिसंल कसं? येचाचं कसं?"

"आणि आग पुढं गेली तर?"

"जाते मंग पुढं," ती म्हणाली. "हवा कोणाच्या हातात हाये?"

वर्षातले काही महिने तिच्या घरात त्या फुलांवरच चूल पेटत होती. ज्या धुरानं आम्हा दोघींना एका वॉर्डात आणलं होतं, तो तिच्यासाठी धंद्याचा भाग होता. जिनिंगमध्ये बाबांच्या नाकातोंडात रुई जायची, तसाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिचा आवाज आधी बंद झाला. दमेकऱ्याच्या छातीची शिट्टी ऐकू येते तोवर बरं असतं. ती थांबली आणि माणूस अजून धापा टाकतोच आहे, तर ते वाईट. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटलं तिला आराम पडला. मी तिच्या सुनेला म्हणालेही, "झोपल्या वाटतं." तेवढ्यात नर्सबाई धावत आल्या, डॉक्टर आले, सिलिंडर आणला, छाती दाबली. उशीर होऊन गेला होता. खेड्यातून निघायलाच उशीर झाला होता, असं डॉक्टर सुनेला समजावत होते. सून रडली नाही. ती सासूचं धुराचं लुगडं घडी घालत बसली.

त्या दिवसानंतर मी सावध झाले. सावध हा चांगला शब्द झाला. खरं म्हणजे मी घाबरले, आणि ती भीती अजून गेलेली नाही.

टेकडी दिसते का

आमच्या कामात दिवसभर कानाला यंत्र आणि समोर बोर्ड. पांढुर्ण्याच्या बोर्डावर लीलाताई असायच्या. मला त्यांनीच काम शिकवलं होतं, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. वॉर्डातून सुटल्यावर मी कामावर गेले, आणि माहेरी जायचं ठरलं तेव्हा लाइन मोकळी बघून त्यांना विचारलं, "पांढुर्ण्याकडे धूर कसा आहे?"

"धूर?" त्या म्हणाल्या. "धूर तं असतेच."

"किती आहे ते सांगा ना."

"आता किती म्हणजे काय सांगू, बाई? तोलून थोडीच देता येते."

त्यावरून मला प्रश्न सुचले. धूर किती, असं विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. पण खिडकीतून टेकडी दिसते का, याला उत्तर एकच असतं. झाडं वेगळी वेगळी दिसतात की नुसती निळी रेघ? डोळे चुरचुरतात का? वारा डोंगराकडून गावाकडे आहे की उलटा? लीलाताई एक्स्चेंजच्या खिडकीशी जाऊन बघून यायच्या आणि सांगायच्या, "झाडं दिसून राहिली. ये तू." किंवा, "टेकडीच नाही आज. नको येऊ." छिंदवाड्याकडे जायचं असेल तर तिकडच्या ऑपरेटरला विचारायची. स्टँडवर गेले की तिकडून आलेल्या गाडीतून उतरणाऱ्यांचे डोळे बघायचे. लाल असले तर परत घरी. सकाळचा धूर खाली बसलेला असतो, ऊन चढलं की तो उठतो, म्हणून निघायचंच तर जेवून निघायचं. संध्याकाळच्या आत पोचायचं, कारण नंतर तो पुन्हा बसतो. हे मला कुण्या डॉक्टरनं सांगितलं नाही. ठेचकाळत कळलं.

एक्स्चेंजमधले लोक मला हवामान खातं म्हणायचे. म्हणोत बापडे.

पण या सगळ्यातून एक गोष्ट होत होती, ती माझ्या ध्यानात आली नाही. मी माहेरी जायची ती फक्त चांगल्या दिवशी. हवा स्वच्छ, छाती मोकळी. बिघडायची ती सौंसरला, माझ्या घरात, दार लावून. माहेरच्या कुणी मला दम लागलेला बघितलाच नव्हता. त्यात दम्याच्या गोळ्यांनी माझा चेहरा सुजला होता. माय म्हणायची, अंगावर मांस आलं. देवा मला बाईच म्हणायचा, तो तर हसायचा.

"बाई, तुले दमा हाये म्हणते, अन् तू तं चांगली भरून राहिली."

मीही हसायची. बाबा खाटेवर बसून खोकत असायचे. जिनिंग सुटून बरीच वर्षं झाली होती, खोकला सुटला नव्हता. त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा खोकला, एवढंच.

दोन रस्ते

वैशाख लागला होता. मी बोर्डावर होते. पांढुर्ण्याची लाइन आली, लीलाताईंचा आवाज वेगळाच.

"सुलोचना, तुहा भाऊ बोलून राहिला दवाखान्यातून. जोडते."

मग देवा. "बाई, बाबाचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणते, माणसं बोलावून घ्या. अजून बोलून राहिले. लवकर ये."

माझ्या तोंडून जे निघालं ते सवयीनं निघालं. मी विचारलं, "धूर कसा आहे तिकडे?"

मला वाटलं लाइन तुटली.

मग तो म्हणाला, "बाप मरून राहिला, अन् तुले धुराचं पडलं?" आणि त्यानं फोन ठेवला.

लीलाताई लाइनवरच होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "खरं सांगू का?"

"सांगा."

"टेकडी दिसत नाही. दोन दिवस झाले. सामनेची चिंचही धड दिसत नाही. मोहगाववरून सकाळची गाडी आली ती लाइट लावून आली. मी तुले ये म्हणणार नाही. पण नको येऊ असंही कोणत्या तोंडानं म्हणू?"

मिस्टरांना कचेरीतून बोलावून घेतलं. सौंसरहून मोहगाववरून पांढुर्णा म्हणजे बसनं दीड-दोन तास. पण तो रस्ता टेकड्यांच्या कडेनं जातो, आणि तिकडचंच रान पेटलं होतं. दुसरा रस्ता उलटा. दक्षिणेला नागपूरला उतरायचं आणि तिथून रेल्वेनं काटोल-नरखेडवरून पांढुर्ण्याला यायचं. सपाटीचा प्रदेश, पण अख्खा दिवस. सावनेरच्या ऑपरेटरला विचारलं, हवा स्वच्छ. काटोलला विचारलं, स्वच्छ.

मी म्हणाले, "मोहगाववरूनच जाते. तोंडाला ओला फडका बांधते. दम्याचा पंप आहे जवळ."

मिस्टर म्हणाले, "अन् मधातच काही झालं तर? तिथं कोण हाये? मी काय करू, सांग."

"बाबा बोलताहेत अजून."

"हो नं. म्हणूनच म्हणतो. पोरगी लहान हाये, सुलोचना."

ते त्यांनी बोलायला नको होतं. पण ते बरोबर होतं. मला फुलवंताबाईची सून दिसत होती, लुगड्याची घडी घालताना.

लीलाताईंना दवाखान्यात तसा निरोप द्यायला सांगून आम्ही नागपूरची गाडी धरली.

त्या प्रवासाबद्दल मला लिहायचं आहे, कारण याविषयी कुणी बोलत नाही. रस्त्यावर ऊन होतं, आभाळ निळं होतं. सावनेरच्या पुढे वारा चांगला लागायला लागला. नागपूर स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघत बाकावर बसले तेव्हा माझा श्वास इतका मोकळा चालला होता की मला त्याची चीड आली. बाबा तिकडे एकेका श्वासासाठी झगडत असतील आणि मी इथे सहज घेते आहे, सोडते आहे. थोडासा जरी दम लागला असता तरी मला बरं वाटलं असतं. मिस्टरांनी चहा आणला. मी तो प्यायले. प्यायला गेला.

जाम नदीच्या काठी

पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा सूर्य लाल गोळा होऊन धुरात लटकला होता. त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. स्टेशनपासून घरापर्यंत मी तोंडाला पदर लावून गेले.

घरापुढे माणसं बसली होती. बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्त्या. बाबांना अंगणात ठेवलं होतं, पांढऱ्या कपड्यात. दुपारीच गेले होते.

देवा दारात उभा होता. माझ्या हातातली पिशवी त्यानं घेतली नाही.

"कुठून आली?"

"नागपूरवरून."

"मोहगाववरून आली असती तं जेवणाच्या टाइमाले पोचली असती." तो हळू आवाजात बोलत होता, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तवा होते बाबा."

तो खोटं बोलत नव्हता. मोहगाववरून आले असते तर कदाचित पोचले असते, कदाचित रस्त्यातच संपले असते. यातलं काय झालं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आताही नाही. जे केलंच नाही त्याचा पुरावा कुणाजवळ नसतो.

मायनं मला जवळ ओढलं. ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. गावातल्या धुरानं माझी छाती आवळायला लागली होती. मी आतल्या खोलीत जाऊन पंप मारला आणि तोंडाला फडका लावूनच बाहेर आले. एक बाई दुसरीला म्हणाली, पोरगी बापाचं तोंड पाहायलाही पदर काढत नाही. मी ऐकलं.

आमच्याकडे बाया नदीपर्यंत जातात. मीही निघाले. जाम नदीच्या काठी सरणाला अग्नी दिला आणि वारा आमच्या बाजूला वळला. मिस्टरांनी माझा दंड धरला आणि मला मागे, मागे, पार रस्त्यापर्यंत नेलं. बाबांचा धूर मला दुरूनच बघावा लागला. सगळे तिथे उभे होते, माझ्याशिवाय. देवानं एकदा मागे वळून पाहिलं.

त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. पुण्यानुमोदनाला गेले, तेव्हा तो समोरून उठून गेला. पत्र नाही, फोन नाही. लीलाताई एकदा म्हणाल्या, "मी सांगू का त्याले, मी ऐकलं ते, मी पाहिलं ते?" मी नको म्हटलं. खिडकीतून चिंच दिसत नव्हती, हे ऐकून कुणाचं दुःख कमी होत नाही.

देवा आला तेव्हा

काही वर्षं अशीच गेली. मग देवाचं लग्न ठरलं. माय अडून बसली की बाईकडे तू स्वतः जाऊन सांगशील तरच मी लग्नाला उभी राहीन. तो आला. दाराशी चपला काढताना माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मायनं धाडलं."

मी त्याला पाणी दिलं. मुलगी कुणाची, कुठली, अशी चार वाक्यं झाली. त्या दिवशी गावाबाहेरच्या शेतांत पराट्या जाळत होते. कपाशीच्या वाळक्या झाडांचा धूर घरात भरायला लागला होता. मी एरवी अशा वेळी दारं लावून मागच्या खोलीत बसते. पण भाऊ इतक्या दिवसांनी आला होता. मी त्याच्यासमोर चुलीपाशी पोहे करायला बसले.

मग सुरू झालं. पंपानं थांबलं नाही. मी भिंतीला हात लावून वाकून बसले. देवा आधी नुसता बघत होता. त्याला वाटलं असेल ठसका लागला. मग माझे ओठ बघून तो उठला. मिस्टर कचेरीत, सासूबाई घाबरून नुसत्या हाका मारत होत्या. देवानं मला उचललं, अगदी लहान मुलाला उचलतात तसं, आणि रस्त्यावर येऊन एका सायकल रिक्षात घातलं. सगळ्या रस्त्यानं तो माझ्या तोंडाशी कान लावून होता. मला आठवतं ते एवढंच, की तो रिक्षावाल्याला सारखं म्हणत होता, "दादा, बाईले श्वास येऊन नाही राहिला. दादा, जलदी."

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांनी ही ऐकायला हवी. निघण्याआधी हवा विचारा. लाजू नका. लोक हसतील, हसू द्या. पण आजार एवढा झाकू नका की तुमची माणसं तुम्हाला ठणठणीत समजतील. मी चांगल्या दिवशी जायची, हसून यायची, आणि वाटायचं, उगाच कुणाला त्रास नको. त्यामुळे वेळ आली तेव्हा माझ्या भावाला मी एक सुखवस्तू, भित्री, धुराची नाटकं करणारी बाई दिसले. तो दुसरं काय समजणार होता? त्याला मी दुसरं काही दाखवलंच नव्हतं. एकदा तरी आपला दम त्यांना बघू द्या.

दवाखान्यात सुई झाली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. हळूहळू छातीत शिट्टी वाजायला लागली, म्हणजे धोका टळला होता. देवा खाटेशेजारी स्टुलावर बसला होता. पुष्कळ वेळ तो आपल्या हाताच्या नखांकडे बघत राहिला.

"बाबा असेच बसले होते," तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी. तुह्यासारखेच, वाकून."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"त्यायनं इचारलं होतं, सुलोचना निघाली का. मायनं सांगतलं, निघाली, पण नागपूरवरून येऊन राहिली. तं बाबा म्हणाले, बरं केलं." त्यानं माझ्या मास्कची नळी सरळ केली. "म्हणाले, इकडून आली असती तं तिचंही माह्यासारखं झालं असतं. अन् मंग पाणी मागतलं."

वॉर्डात कुणीतरी भांडं पाडलं, त्या आवाजानं तो दचकला.

"मी तुले सांगतलं नाही, बाई. मायले वाटलं, मी सांगतलं असंल."

माझ्या तोंडावर मास्क होता. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जाम नदीच्या रस्त्यावर उभी राहून मी जे ऐकायला तरसले होते, ते याच्याजवळ होतं आणि यानं ते धरून ठेवलं होतं. त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि त्याचा हात धरावा असंही वाटलं. दोन्हीला श्वास लागतो. माझ्याजवळ तेव्हा तेवढा नव्हता.

मी डोळे मिटले. मिस्टर आले, त्यांनी देवाला घरी जाऊन जेवून ये म्हटलं. पांढुर्ण्याची शेवटची गाडी निघून जाईल, असंही म्हटलं.

"जाऊ द्या," देवा म्हणाला, आणि स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढून घेतलं.